पाण्याखालचं डरवेंट

मंडळी, आज जरा लांबलचक लिहिणार आहे. चहा जवळ घेऊन बसा.

२०२२ च्या सप्टेंबरात मी लेकीकडे शेफील्डला होते. त्या वर्षी तिकडे असा उन्हाळा पडला की माणसं अगदी हवालदिल झाली होती. १९ जुलैला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्जबी इथे ४०.३ अंश तापमान नोंदलं गेलं. ब्रिटनमध्ये पारा चाळिशीपार जाण्याची ती पहिलीच वेळ. आपण चाळीस अंशांना "यंदा बरा आहे उन्हाळा" म्हणतो, पण तिथे घरात साधा पंखासुद्धा नसतो! मी गेले तोवर गारवा आला होता, पण हिरवळीचा रंग अजून गव्हाच्या काडासारखाच होता.

एका शनिवारी सकाळी नातू म्हणाला, "आजी, आज आपण बुडलेलं गाव बघायला जायचं. पाणी कमी झालंय ना, म्हणून ते वर आलंय."

मी हातातली कपबशी खाली ठेवली. "बुडलेलं गाव" हे शब्द कुणी उच्चारले की माझ्या पोटात अजूनही कालवतं. का ते पुढे सांगते. ज्यांना ठाऊक आहे (म्हणजे आमच्या घरच्या मंडळींनी) त्यांनी थोडा दम धरावा.

शेफील्डहून पश्चिमेला निघालं की अर्ध्या-पाऊण तासात डार्बीशायरचे डोंगर सुरू होतात. उघडेबोडके, माथ्यावर सपाट, आपल्या सड्यासारखे. रस्ता उतरत उतरत एका लांबलचक पुलावर येतो आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. हा लेडीबावर जलाशय. ज्या पुलावरून गाडी जात होती त्याचं नाव अ‍ॅशॉप्टन व्हायाडक्ट. जावई म्हणाले, "आई, अ‍ॅशॉप्टन हे गाव होतं. आत्ता आपण त्याच्यावरूनच चाललोय." मी खाली बघितलं. पाणी आणि गाळ, बाकी काही नाही.

मी शाळामास्तरीण, त्यामुळे गावाआधी त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर आधी तो सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या मध्यभागातली गिरणी-कारखान्यांची शहरं भराभर वाढत होती. शेफील्डला पोलाद, नॉटिंगहॅमला लेस, लेस्टरला मोजे आणि जोडे, डार्बीला रेल्वेचे कारखाने. माणसं आली, चाळी झाल्या, पण प्यायला चांगलं पाणी कुठे होतं? डरवेंट नदीच्या वरच्या खोऱ्यावर या चारही शहरांचा डोळा होता. शेवटी १८९९ साली पार्लमेंटने कायदा करून चौघांचं मिळून एक जलमंडळ स्थापन केलं. त्याने वरच्या अंगाला दोन दगडी धरणं बांधली. हाउडन १९१२ मध्ये पुरं झालं आणि डरवेंट १९१६ मध्ये. दगड ग्रिंडलफर्डजवळच्या खाणीतून आगगाडीने यायचा.

या धरणांवर काम करणाऱ्या मजुरांसाठी रानात एक अख्खं गाव उभारलं होतं. त्याचं नाव बर्चिनली, पण सगळे म्हणत 'टिन टाउन', म्हणजे पत्र्यांचं गाव. घरं पन्हाळी पत्र्याची होती, तरी गावात शाळा, दवाखाना, पोस्ट, दुकानं, करमणुकीचा हॉल असं सगळं होतं. नऊशेच्या आसपास माणसं तिथे राहत होती. किती मुलांचा जन्म त्या पत्र्याखाली झाला असेल आणि कितींनी तिथे पाटीवर पहिलं अक्षर काढलं असेल! काम संपलं तसं गाव मोडलं आणि पत्रे विकले. त्यातली एक इमारत जवळच्या होप नावाच्या गावात नेऊन उभी केली. मूळ जागी आता झाडीत काही जोती तेवढी उरली आहेत. धरणाने बुडवलेल्या गावांबद्दल सगळे हळहळतात, पण धरण बांधायला वसलेलं गावही असंच नाहीसं होतं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

दोन धरणांनी शहरांची तहान काही भागली नाही. म्हणून १९३५ मध्ये खालच्या अंगाला तिसरं धरण सुरू झालं, तेच लेडीबावर. हे मातीचं धरण आहे. पोटात चिकणमातीचा गाभा आणि वर हिरवळ, त्यामुळे लांबून टेकडीच वाटते. जादा पाणी वाहून जाण्यासाठी जलाशयात दोन प्रचंड गोल विहिरी ठेवल्या आहेत. पाणी भरलं की ते कडेवरून आत ओतू लागतं. नातवाने त्यांना "मोरीची भोकं" असं नाव ठेवलंय आणि ते अगदी चपखल आहे. त्या दिवशी मात्र दोन्ही भोकं कोरडी ठणठणीत होती, आणि पाणी त्यांच्या कितीतरी खाली.

या तिसऱ्या धरणाखाली दोन गावं गेली. अ‍ॅशॉप्टन हे हमरस्त्यावरचं गाव. तिथे एक खाणावळ-सराई होती, मेथडिस्ट पंथाचं छोटं चॅपल होतं. दुसरं डरवेंट. ते जरा आत, नदीकाठी. चर्च, शाळा, शेतकऱ्यांची घरं, आणि १६७२ साली बांधलेला डरवेंट हॉल नावाचा वाडा. वाडा नॉरफोकच्या ड्यूकच्या मालकीचा. १९३० च्या दशकात तिथे डोंगर भटकायला येणाऱ्या तरुणांसाठी वसतिगृहही होतं.

लोकांना नव्या घरांत हलवलं, तेही धरणाच्या अगदी खाली, यॉर्कशायर ब्रिज नावाच्या वस्तीत. डरवेंटच्या चर्चमधली शेवटची प्रार्थना १७ मार्च १९४३ ला झाली. चर्चच्या आवारातल्या कबरी उकरून मृतांचे अवशेष बॅमफर्डच्या दफनभूमीत पुन्हा पुरले. चर्चची घंटा डार्बीजवळच्या चॅडेस्डेनच्या चर्चला दिली. (तेव्हा डरवेंटला पाण्याखालून घंटानाद ऐकू येतो असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा!) नदीवर घोड्या-खेचरांसाठी बांधलेला जुना दगडी पूल होता. त्याचा दगड न् दगड क्रमांक घालून सोडवला, आणि पुढे १९५९ मध्ये तोच पूल वरच्या हाउडन जलाशयाच्या टोकाला पुन्हा उभा केला. आजही त्यावरून चालता येतं.

हे सगळं महायुद्धाच्या ऐन धामधुमीत चाललं होतं. गंमत म्हणा किंवा दैवदुर्विलास, त्याच १९४३ च्या वसंतात शेजारच्या डरवेंट धरणावरून ब्रिटिश हवाई दलाची ६१७ क्रमांकाची तुकडी बॉम्बफेकी विमानं अगदी खालून उडवण्याचा सराव करत होती. जर्मनीतली धरणं फोडायची होती. मे महिन्यात ती फोडलीही, आणि त्या पुरात हजाराहून जास्त माणसं वाहून गेली. एकाच खोऱ्यात एक धरण भरायची तयारी चालली होती आणि दुसऱ्यावर धरण फोडायची!

लेडीबावर पूर्ण भरायला १९४५ उजाडलं. २५ सप्टेंबर १९४५ ला राजे सहावे जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालं. चर्चचं शिखर तेवढं आठवण म्हणून तसंच ठेवलं होतं. पाण्यातून उभं असलेलं ते शिखर जुन्या फोटोंत दिसतं. पण लोक त्याच्याकडे पोहत जाऊ लागले, धोका वाढला, म्हणून १५ डिसेंबर १९४७ ला सुरुंग लावून ते पाडलं. अजूनही पुष्कळांना वाटतं की पाणी उतरलं की शिखर वर येतं. तसं काही नाही. शिखर गेलं ते गेलंच.

आता त्या दिवसाकडे येते. आम्ही गाडी लावून पूर्वेच्या काठाने चालत गेलो. पाणी खूप मागे हटलं होतं. भेगाळलेला राखी चिखल आणि त्यात दगडांच्या रांगा. नीट बघितलं की कळायचं, ही भिंतीची ओळ, ही दाराची जागा, हा ढीग म्हणजे बहुधा वाडा. काठावर माणसांची ही गर्दी. कुणी फोटो काढतंय, कुणी कुत्रं घेऊन आलंय, मुलं दगडावरून दगडावर उड्या मारतायत. १९७६, १९८९, १९९५, २०१८ अशा कोरड्या वर्षीही गाव असंच वर आलं होतं. २०१८ मध्ये तर बघे इतके आले की चिखलात रुतलेल्याला सोडवायला डोंगरी बचाव पथक बोलवावं लागलं होतं.

माझे गुडघे काही मला खाली उतरू देईनात. मी वाटेवरच्या बाकावर बसले. तिथे आधीच एक बाई बसल्या होत्या. पांढरे शुभ्र केस, हातात काठी, पायात चांगले दणकट बूट. मी बसले तशा सरकल्या आणि मला "डक" म्हणाल्या! बदक? मी चमकलेच. (लेकीने नंतर सांगितलं की डार्बीशायरमध्ये प्रेमाने असंच म्हणतात. आपण "बाळा" म्हणतो तसं. सत्तरी ओलांडल्यावर कुणी बाळा म्हणालं की किती बरं वाटतं!)

माझं इंग्रजी व्याकरणाचं आणि त्यांचं डार्बीशायरचं, त्यामुळे सुरुवातीला दोघींची बरीच ओढाताण झाली. पण हळूहळू जमलं. त्यांचं वय एकोणनव्वद. डरवेंट सोडलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या.

मी विचारलं, "काय काय आठवतं?"

त्यांनी काठीने दाखवायला सुरुवात केली. तिथे शाळा. तिथून खाली उतरलं की नदी, आणि शाळा सुटली की बूट-मोजे हातात घेऊन पाण्यात. त्या बाजूला एक काकू राहायच्या, त्यांच्याकडे आलं घातलेला केक मिळायचा. वडील ड्यूकचे कूळ. "आमचं स्वतःचं काहीच नव्हतं, डक. तिथेही भाडं होतं, इकडे आलो तिथेही भाडं." नव्या घरात नळ आला, न्हाणीघर आलं, आई खूश झाली असं सगळे म्हणायचे. "खूश होतीच ती. पण पहिले कित्येक महिने रोज संध्याकाळी दारात उभी राहायची, या बाजूला तोंड करून."

मग त्या म्हणाल्या, "निघायच्या दिवशी सकाळी आई दाराची पायरी घासत बसली होती." दाराची दगडी पायरी घासून लख्ख ठेवायची, ही तिकडच्या बायकांची जुनी रीत. वडील म्हणाले, अगं, घर पाडायला माणसं येणार आहेत. पायरी कुणासाठी घासतेस? आई म्हणाली, "मी घाण घर टाकून गेले असं कुणी म्हणायला नको."

मला पुढचं ऐकूच येईना.

कारण मंडळी, १९६१ सालच्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या घरापुढचं अंगण माझ्या आजीने सारवलं होतं. बैलगाडीत भांडीकुंडी चढली होती, देव टोपलीत होते, आणि आजी शेणाचा पोतेरा घेऊन अंगणात बसलेली. बाबा म्हणाले, "आई, चल आता. पाऊस लागला की पाणी चढणार. कशाला सारवतेस?" आजी काहीच बोलली नाही. सारवून झालं, हात धुतले, उंबऱ्याला हळदकुंकू लावलं आणि गाडीत बसली. मी तेव्हा दहा वर्षांची. ओल्या अंगणात पाय उमटू नये म्हणून मी कडेकडेने गेले होते, हे मला लख्ख आठवतं. पाण्याखाली जायचं होतं ते अंगण, आणि मी पाऊल उमटायला भीत होते.

आमची वाडी कोयनेच्या खोऱ्यातली. आज तिथे शिवाजीसागर आहे. आम्ही नदीच्या काठाकाठाने खाली आलो आणि कराडला स्थिरावलो. म्हणजे नदी तीच. फक्त तिच्यापासून आणि धरणापासून खालच्या बाजूला, अगदी यॉर्कशायर ब्रिजच्या लोकांसारखे. १९६२ मध्ये पोफळीला वीज तयार होऊ लागली. आमच्या कराडच्या खोलीत पहिला दिवा लागला तेव्हा आईने त्याला हात जोडले आणि म्हणाली, "आपल्याच नदीचा आहे." आजीने मात्र त्या दिव्याकडे पाठ केली, आणि देवापुढची समई तेवढी आपल्या डोळ्यांनी बघितली.

मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. दरवर्षी कोयनेचा धडा आला. "महाराष्ट्राची भाग्यरेषा" हे शब्द मी फळ्यावर लिहिले, मुलांकडून पाठ करून घेतले, परीक्षेत विचारले. ते खोटं नव्हतं. त्या विजेवर कारखाने चालले, घरं उजळली, माझ्या वर्गातला दिवासुद्धा त्यातलाच. पण एकाही वर्षी मी मुलांना सांगितलं नाही की या धरणाच्या पाण्याखाली तुमच्या बाईंचं घर आहे. का नाही सांगितलं? लाज वाटली असंही नाही. धड्यात नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. धड्यात नसलेलं खरं नसतं, असं काहीतरी माझ्याच मनात बसलं होतं.

डरवेंटच्या काठावर बसून हे सगळं मी त्या बाईंना माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. सारवणं कसं समजावणार? शेण म्हटल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले. पण मी हाताने अर्धगोल फिरवून दाखवला तशा त्या म्हणाल्या, "हो हो, पायरीसारखंच." बस्स. साठ वर्षांत मला एवढं चटकन कुणाला समजावता आलं नव्हतं.

मी विचारलं, शिखर पाडलं तेव्हा काय वाटलं? म्हणाल्या, "उभं होतं तोवर बघवायचं नाही. पाडलं तेव्हा कळलं, की तेवढं एकच बघायला होतं."

मंडळी, अशी गावं जगभर आहेत. आपल्याकडेही काही कमी नाहीत. उजनीचं पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं आणि बघायला झुंबड उडते. गोव्यातलं कुर्डी, गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, साळावली धरणात गेलं. दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथले जुने रहिवासी आपापल्या जोत्यापाशी जमतात, देवाचा उत्सव करतात. तिथलं महादेवाचं प्राचीन देऊळ तर दगड दगड सोडवून दुसरीकडे उभं केलंय, डरवेंटच्या पुलासारखंच. आणि मुळशीत सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला तो अशाच बुडणाऱ्या गावांसाठी. शहराला पाणी हवं, वीज हवी. ते चूक आहे असं म्हणायचा मला काय अधिकार? शेफील्डच्या घरातला नळ सोडला की त्यात याच खोऱ्याचं पाणी येतं. शेफील्डच्या वाट्याचं पाणी न्यायला त्यांनी डोंगरातून बोगदा काढलाय. मी महिनाभर तेच पाणी पीत होते, त्याचाच चहा करत होते. त्या बाईंच्या नदीचं.

पण एक फरक मला टोचला. डरवेंटची चर्चमधली शेवटची प्रार्थना कोणत्या तारखेला झाली हे मला तिथे बसल्या जागी कळलं. शिखर कधी पाडलं, घंटा कुठे गेली, पूल कुठे गेला, सगळं लिहून ठेवलेलं. नातवाच्या शाळेत त्यावर प्रकल्प करतात. आणि आमच्या वाडीत किती उंबरे होते हे मला नीट सांगता येत नाही! परत येताना गाडीत नातवाने विचारलं, "आजी, तुझी शाळा पण बुडली का? तिचा नकाशा आहे?" मी म्हटलं, शाळा कसली रे, देवळाच्या ओवरीतच भरायची. आणि नकाशा नाही.

तो म्हणाला, "मग तू काढ ना."

चार वेळा काढायला बसले. नदी येते, देऊळ येतं, आमचं घर आणि त्यामागचा फणस येतो. शेजारी आबांचं घर, त्यापुढे गोठा, मग पायवाट. त्यापुढे कोरं. वरच्या आळीत तर मला एकही घर धड आठवत नाही. दहा वर्षांच्या मुलीचं जग तेवढंच असतं.

म्हणून हे लिहायला घेतलं. आमच्या गोतावळ्यातले जे हे वाचतायत, त्यांना माझी विनंती आहे. तात्या, तुम्ही माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, वरच्या आळीत तुमचं रोजचं जाणं-येणं होतं. कुणाचं घर कुणाच्या शेजारी होतं ते सांगा. अक्का, पाणवठ्याची वाट नक्की कुठून उतरायची? नदीतल्या त्या मोठ्या खडकाला आपण काय म्हणत होतो? नाव जिभेवर येतं आणि निसटतं. घरात कुणाकडे एखादी जुनी पावती, वहीचं पान, काहीही असलं तर टाकू नका. फोन करा, मी लिहून घेईन. नकाशा मोठ्या कागदावर आखून ठेवलाय, पेन्सिलीनेच, म्हणजे दुरुस्त करता येईल.

त्या बाईंना निघताना मी नमस्कार केला. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या आजीला माझ्या आईने नक्की चहाला बोलावलं असतं."

असो. तात्या, फोनची वाट बघते आहे. संध्याकाळी सातनंतर करा, दुपारी मी झोपते.